कुंकवाखालचं यंत्र

"चालवून दाव म्हनावं त्याला," चंद्रव्वा नवऱ्याच्या कानाशी लागली. संगप्पानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

समोर हरिबा सुताराच्या कारखान्यात भोकं पाडायचं जुनं यंत्र उभं होतं. बिडाचं, माणसाएवढं. चाक फिरवलं की पोलादी गिरमिट सरळ खाली उतरायचं. पण ती एकतीस सालची खंडेनवमी होती. यंत्राला झेंडूच्या माळा, आणि कुंकू तर एवढं थापलेलं की त्या दिवशी पार तिकडं मंद्रूपच्या बायांना कपाळाला लावायलासुद्धा उरलं नसावं.

सोलापुरात संगप्पाची कपाटं नावाजलेली. त्याच्या हातचं भोक इतकं सरळ असे, की त्यातून गेलेली मुंगी बाहेर पडल्यावर वळायचंच विसरायची आणि नाकासमोर चालत वेशीपर्यंत जायची. मी स्वतः पाहिलंय. मुंगी काळी होती. पण दोन वर्षांमागं त्याचा उजवा खांदा धरला आणि भोकं वाकडी जाऊ लागली. यज्ञेश्वर वकिलांनी पुस्तकांची सहा कपाटं सांगितली होती. फळ्या वर-खाली करता याव्यात म्हणून आत भोकांच्या रांगा हव्या होत्या, सगळ्या एकसारख्या. त्या जमल्या नसत्या, तर पुढं त्याला कुणी खुंटी ठोकायलाही बोलावलं नसतं; म्हणून हे यंत्र हवं होतं.

चंद्रव्वानं पुन्हा ढोसलं, तेव्हा तो पुटपुटला, "आज हत्यारं निजल्याती. निजलेल्याला उटवून कामाला लावतंय का कोन?"

हरिबाला हे ठाऊक होतं. म्हणून तर त्यानं यंत्र दाखवायला हाच दिवस नेमला होता. शिवाय परवा दुधनीचा माणूस यंत्र न्यायला येणार, अशी पुडीही सोडून ठेवली होती. यंत्राच्या बदल्यात हरिबाला संगप्पाची सगळी हत्यारं हवी होती, बापापासूनची. यंत्र आल्यावर ती कशाला, हे संगप्पालाही पटलं. विडा दिला, सौदा ठरला. हरिबा नेमाचा पक्का, त्या दिवशी काही हलवलं नाही. दसऱ्याला उजाडताच गाडीतून यंत्र पूजेसकट आणून उतरवलं आणि त्याच गाडीत हत्यारं भरून घेऊन गेला.

गाडी गेल्यावर संगप्पानं आंघोळ केली, माळा उतरवल्या, यंत्र पुसायला घेतलं. कुंकू निघालं. कुंकवाखाली काजळी घातलेलं मेण निघालं. मेणाखाली चाकाला आरपार चीर होती. त्यानं अगदी हलक्या हातानं दांडा फिरवला. चाकाचे दोन तुकडे झाले. तो आवाज करकंबपर्यंत गेला म्हणतात. चार घरं पलीकडं राहणाऱ्या हरिबाला तेवढा ऐकू आला नाही.

संगप्पाच्या तक्रारीवरून सुतारांची बैठक बसली. सर्वांत वडील तात्याबानं संगप्पाला विचारलं, "चालवून बगितलं हुतंस का?"

"न्हाय."

"हरिबानं आडवलं?"

"न्हाय."

हरिबा मिशीत हसला. "ह्यानंच पाया पडून नेलं की. देवाला वाजवून घेतंय व्हय कोन?"

बैठक पोट धरून हसली. मीही हसलो. बोललाच तसा होता.

वकिलांची कपाटं हरिबाकडं गेली. मग दया म्हणून त्यानं संगप्पाला कामावर ठेवून घेतलं. हरिबा आता संगप्पाच्याच हातगिरमिटानं भोकं पाडायचा. भोक पाडताना लांब फळी हलते, ती दाबायला वजन लागतं. संगप्पानं फळीवर बसायचं. "जरा डावीकडं," हरिबा सांगायचा. संगप्पा सरकायचा.

गिरमिट तिरकं निघालं की फळीची थरथर बदलते. त्याला ती मांड्यांखाली कळायची. भोक तसंच तिरकं आरपार जाईपर्यंत तो रस्त्याकडं बघत बसून राहायचा.