पार्बताबाईचा ठराव

चातुर्मासात दर सोमवारी मी दिवेलागणीपर्यंत मौन पाळते. यंदा गावाच्या विकास आराखड्यासाठीची महिला सभा नेमकी सोमवारी आली.

आमचं गाव हिवरखेडकडचं. माझं माहेर अमरावतीचं, घरात सगळे शिक्षक. म्हणून बायांचं म्हणणं दरवर्षी मीच 'शुद्ध' करून सभेत मांडायची. गेल्या वर्षी मी म्हणाले, "महिलांना शेतरस्त्याची अडचण आहे." तसंच लिहिलं गेलं आणि मुरूम पडला भलत्याच रस्त्यावर. बायांना हवा होता नाल्यावर रपटा, म्हणजे पायी ओलांडायला बुटका पूल. माझ्या वाक्यात नाला नव्हताच.

यंदाच्या सभेत ग्रामसेवक केशवरावांनी मसुदा वाचला. 'प्रवेशद्वार सुशोभीकरण', म्हणजे वेशीवर कमान. रपट्याचं नाव नाही.

"बोला, ताई."

मी ओठांवर बोट ठेवलं आणि हात जोडले.

"आता आपला कोन बोलन?" पार्बताबाई कुजबुजली.

"तुया तोंडाले सोमवार हाये का?" मनकर्णाबाईनं तिला कोपरानं ढोसलं. बाया खुदखुदल्या.

पार्बताबाई उठली. "सायेब, मोठ्या नाल्याले आमच्या धुऱ्यापाशी गुडघाभर पानी रायते. झड लागली का कंबरभर. निंदनीले, वेचनीले चाळीस बाया रोज दोनदा उतरतो. डोक्शावर गाठोडं, हातात चपला. माही सून आचल सातव्या महिन्यात तिथंच पडली. कमान मंग करा. आमाले रपटा पायजे, तिथंच."

"बाई, जरा नीट भाषेत सांगा. लिहावं लागते."

"तुमची समजते आमाले. आमची काहून नाई समजत तुमाले?"

केशवरावांनी वही माझ्याकडे सरकवली. "ताई, तुम्हीच व्यवस्थित लिहून द्या."

मी लिहिलं. धुरा ('बांध' नाही), गाठोडं, चपला, आचल. हात अडला तो एकदाच, 'पायजे'पाशी. 'आवश्यकता आहे' लिहायची जुनी सवय. पण 'पायजे'च लिहिलं.

केशवरावांनी ते वाचून दाखवलं, आणि कधी नव्हे ते बायांनी त्यांना मध्येच थांबवलं.

"चाळीस नाई, बेचाळीस! मी अन् माही जाऊबाई मोजाच्या राह्यलो ना."

"उतारावर चिखल हाये, थे बी लिहा."

केशवराव खोडत गेले, लिहीत गेले. शेवटी म्हणाले, "सूचक म्हणून महिला मंडळ लिहू?"

"मंडळ कायले? मी बोलली ना," पार्बताबाई म्हणाली. "लिहा, पार्बताबाई नत्थुजी भोपळे."

पुढच्या आठवड्यात ग्रामसभेत तो ठराव जसाच्या तसा वाचला गेला. चपलांपाशी कोणी हसलं नाही. आचलच्या नावाशी तर पारावरची मंडळीही आत येऊन उभी राहिली. रपटा पहिल्या क्रमांकावर गेला, कमान शेवटच्या. सगळे हात वर होते.

नत्थुजींचा हात सगळ्यात उंच होता. शेजारच्याला ते सांगत होते, "थे माही बायको होय."