कुंदाकाकूंनी हॉर्न सोडला

कुंदाकाकू म्हणाल्या होत्या, "वरण." हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण त्यांच्याशिवाय आणि देवाशिवाय ते कुणाच्याच कानावर गेलं नव्हतं.

आषाढी एकादशी होती. लोहाऱ्याच्या महादेवाच्या सभामंडपात कीर्तन संपलं आणि बायका एकेक करून बुवांसमोर आल्या. चातुर्मासात काय सोडणार, ते देवासमोर सांगायचं. नेम असा की जे मनापासून आवडतं तेच सोडायचं, कार्तिकातल्या द्वादशीला त्याचं दान करायचं आणि मगच ते पुन्हा घ्यायचं. कुणी वांगं सोडलं, कुणी चहातली साखर. एकीने जावेशी बोलणं सोडलं. ते मात्र बुवांनी मान्य केलं नाही, कारण ते तिला कधी आवडतच नव्हतं असं मागच्या रांगेतून जावेनेच सांगितलं.

कुंदाकाकूंचा जीव वरणात. तुरीचं साधं, घट्ट वरण, वर तुपाची धार. ते सोडायचं म्हणून त्यांनी आदल्या दिवशी दोनदा वाढून घेतलं होतं. पण आवाज मुळातच असा हळू, की त्यांनी मेथी मागितली तर भाजीवाला भेंडी बांधून द्यायचा, आणि काकू घरी येऊन मुकाट्याने भेंडी करायच्या. त्यात बुवा ऐंशीचे. एका कानाने ऐकू येत नाही, आणि दुसरा कान तबलजीकडे.

"वरण," काकू म्हणाल्या.

"काय?"

"वरण सोडते."

बुवांचे डोळे भरून आले. त्यांनी माइक ओढला. "ऐका हो ऐका! कुंदाबाईंनी हॉरन सोडला! यवतमाळात राहून, रोज गाडी चालवून, हॉरन सोडला! याला म्हणतात वैराग्य!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. तबलजीने एक तुकडा वाजवला. कुंदाकाकूंनी तोंड उघडलं आणि मिटलं. भर मंडपात, देवासमोर, माइकवरून गेलेलं परत कसं घ्यायचं? परत येताना त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. वरण आपण बोललो म्हणून, आणि हॉर्न देवाने ऐकला म्हणून. दोन्ही सोडायचं.

घरी श्रीकृष्णकाका हसून हसून पलंगावर आडवे झाले. काका सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेतून निवृत्त झालेले. त्यांची मोटरसायकल लांबूनच ओळखू यायची, कारण त्यांचा डावा अंगठा हॉर्नवर चिकटलेला असायचा. "हॉर्न म्हणजे नोटीस," ते सांगायचे. "एकदा बजावली की आपली जबाबदारी संपली. पुढे ज्याचं त्यानं बघावं."

"अहो, हसता काय? होईल मला," काकू म्हणाल्या.

"चार महिने? कुंदे, चार चौकसुद्धा नाही होणार. एकदा जरी हॉर्न वाजला, तर स्कूटीची चावी माझ्याकडं. मग देवळात जायचं ते माझ्या मागं बसून."

कुंदाकाकूंनी चावी मुठीत घट्ट धरली. सकाळचा चहा घेण्याआधी लोहाऱ्याच्या महादेवाला पाणी घालायचं, हा त्यांचा रोजचा नेम. तो त्या स्कूटीच्या जिवावर चालत होता. काकांच्या मागे बसून देवळात जाणं म्हणजे महादेवाऐवजी थेट कैलासाकडे निघाल्यासारखंच. शिवाय काका उठायचे नऊला.

"आणि नाही वाजला तर?" त्यांनी विचारलं.

"तू सांगशील ते."

"तर महिनाभर तुम्ही माझ्या मागे बसायचं. आणि हूं की चूं करायचं नाही."

"मंजूर," काका म्हणाले, आणि पुन्हा हसायला लागले.

पहिल्या दिवशी काकूंनी हॉर्नच्या बटणावर आपली एक लाल टिकली चिकटवली. अंगठा सवयीने गेलाच, तर टिकली लागावी आणि आठवण व्हावी. अंगठा गेला, शंभरदा गेला. दत्त चौकापर्यंत पोचेतो काकूंना घाम फुटला. हॉर्न नसला की कळतं, रस्त्यावर आपल्याला कुणी बघतच नसतं. मग आपणच सगळ्यांना बघावं लागतं.

आणि काकू बघायला लागल्या. हेल्मेटच्या आत 'नमः शिवाय' चालू, आणि डोळे समोर लांबवर. समोरचा चुकणार, असं धरूनच चालायचं. नाही चुकला तर देवाची कृपा.

पंधरवड्यात त्यांना माणसं पोथीसारखी वाचता यायला लागली. तंबाखूचा खर्रा खाणारा थुंकण्याआधी पाठ ताठ करतो. मग त्याची मान उजवीकडे वळते, आणि मानेमागोमाग गाडीही. पाठ ताठ झालेली दिसली की काकू ब्रेक दाबून मागे राहायच्या. त्यांच्या पांढऱ्या ओढणीवर चार महिन्यांत एक थेंब उडाला नाही, ही गोष्ट यवतमाळात चमत्कारात धरायला हरकत नाही. खांद्यात मोबाइल धरणारा ज्या बाजूला मान वाकलेली, त्या बाजूला हळूहळू वाहत जातो. उभ्या कारमध्ये डोकं दिसलं की दार उघडणार. ऑटोवाल्याचा हात बाहेर आला तर काही नाही, तो बोटाला लागलेला चुना पुसत असतो. पण पाय बाहेर आला की ऑटो वळणार. इंडिकेटरवर मात्र कुणाच्याच जायचं नाही. तो गेल्या दिवाळीपासून चालू असू शकतो. सगळ्यांत भरवशाच्या म्हणजे दुभाजकावर बसलेल्या गाई. त्या जिथे बसतात तिथेच असतात.

चौकातल्या स्टँडवरच्या रामलाल ऑटोवाल्याच्या हे लक्षात आलं.

"काकू, हॉरन बिघडला काय? काही दिवसांपासून आवाजच नाई तुमचा."

"व्रत आहे, रामलाल."

"कायचं?"

"हॉर्नचं."

रामलालने कानाला हात लावला. दुसऱ्या दिवशी काकू चौकात आल्या आणि त्यांच्या मागून दणदणीत पों-पों सुरू झालं. वळून बघतात तो रामलाल. "चाला तुमी काकू! तुमच्यातर्फे मी वाजवून राह्यलो!"

ही बातमी काकांना लागली. "हे चालणार नाही," ते जेवताना म्हणाले. "मुखत्यारपत्र दिलंय का त्याला? प्रतिनिधीनं वाजवला म्हणजे तूच वाजवला."

काकूंनी बिचाऱ्या रामलालला नको म्हणून सांगितलं. तो हिरमुसला. "थोडंसं पुण्य मलेबी लागू द्या नं, काकू."

मग काका स्वतःच पाळत ठेवायला लागले. चक्क लवकर उठायचे आणि मोटरसायकलवर काकूंच्या मागे निघायचे, लपतछपत. पण लपतछपत जाताना अंगठा हॉर्नवरच, त्यामुळे काका कुठे आहेत हे काकूंना आणि सगळ्या लोहारा रस्त्याला माहीत असायचं. घरी आले की म्हणायचे, "मला एक हॉर्न ऐकू आला." काकू म्हणायच्या, "तुमचाच."

काकूंच्या ताटात वरण नसतं, हे मात्र काकांच्या कधी लक्षात आलं नाही. त्यांच्या ताटात असायचं ना.

कार्तिक आला. रस्त्यावर कापसाच्या गाड्या सुरू झाल्या. एकादशीच्या संध्याकाळी काकांनी एका उभ्या ट्रॉलीला हॉर्न दिला. पुन्हा दिला. तिसऱ्यांदा देता देता ते कापसात शिरले. लागलं काही नाही, कापूसच तो; पण मोटरसायकलचं पुढचं चाक आडवं झालं.

"मी नोटीस बजावली होती," अंगावरचा कापूस वेचत काका म्हणाले.

"ट्रॉलीत ड्रायव्हर होता का?"

"नव्हता."

"मग घेतली कुणी नोटीस?"

दुसऱ्या दिवशी द्वादशी, व्रताचं उद्यापन. मोटरसायकल गॅरेजात. म्हणजे काकांना काकूंच्या मागे बसूनच देवळात जायचं होतं. त्यांचा चेहरा एकाएकी उजळला, आणि तो उजळलेला काकूंनी पाहिला.

सोडलेल्या वस्तूचं दान करायचं असतं. वरणाची तूरडाळ काकूंनी मुकाट्याने आधीच देवळात पोचवली होती; हॉर्नसाठी त्यांनी सायकलच्या दुकानातून रबरी फुग्याचा भोंपू आणला होता. पितळी तोंडाचा, चकचकीत. तो ताम्हनात ठेवून, वर खण पांघरून त्यांनी काकांच्या हातात दिला. "सांभाळा हं." मग पदर खोचला, हेल्मेट घातलं, स्कूटीला नमस्कार केला, आणि जाता जाता एक छोटंसं काम केलं.

लोहारा रस्त्याला ऐन कामावर जायची गर्दी होती. पुढे एक पिकअप, मागे एक टेम्पो, आजूबाजूला मोटरसायकली. पिकअपवाल्याची काच खाली गेली. कोपर बाहेर आलं. पाठ ताठ झाली. काकूंनी हळूच वेग कमी केला.

पिकअप मानेबरोबर उजवीकडे झुकली, पिचकारी उडाली, आणि पुन्हा डावीकडे भेलकांडली.

"कुंदे! हॉर्न!" काका ओरडले, आणि त्यांचा हात काकूंच्या काखेखालून सुसाट पुढे गेला. नजर बरोबर लाल टिकलीवर. अंगठ्याने त्यांनी टिकली सगळ्या ताकदीने ढकलली.

टिक-टिक, टिक-टिक, टिक-टिक.

चार महिने अनोळखी माणसं मानेवरून ओळखणाऱ्या बाईला घरचा माणूस ओळखता येऊ नये? निघताना काकूंनी टिकली हॉर्नवरून काढून इंडिकेटरवर लावली होती.

मागचा टेम्पो करकचून थांबला. त्याच्यामागे ऑटो थांबला, मोटरसायकली थांबल्या. लोहारा रस्त्यावर कुणीतरी इंडिकेटर दिला होता. टेम्पोवाल्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काकू, काय झालं? तब्येत बरी नाई काय? इंडिकेटर कायले दिला?"

काकूंनी गाडी शांतपणे कडेला घेऊन थांबवली. सगळं नीट झालं होतं. एकच गोष्ट त्यांनी धरली नव्हती. ब्रेक दाबला तसे काका पुढे सरकले, आणि त्यांचं पोट व काकूंची पाठ यांच्यामध्ये ताम्हन आडवं होऊन भोंपू सापडला.

पॉंऽऽऽक!

टेम्पोवाल्याचं डोकं आत गेलं.

"वाजला!" काका आनंदाने ओरडले. "वाजला! चावी!"

"मी नाही वाजवला. तुमच्या पोटानं वाजवला."

"मी तुझ्या गाडीवर, म्हणजे पोट तुझ्या गाडीवर! आणि भोंपू आणला कुणी? चावी दे."

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. चार महिने दोन्ही पाळलं, आणि देवळाच्या दारात हे? "बुवांना विचारू," त्या म्हणाल्या. "ते म्हणतील ते."

सभामंडपात पंगतीची पानं मांडली जात होती. बुवा खांबाला टेकून बसले होते. काका तावातावाने पुढे झाले आणि बुवांच्या कानाशी वाकले. नेमका चुकीचा कान.

"बुवा! हॉर्न वाजला! हॉर्न!"

"काय?"

"हॉ-र-न! हॉरन वाजला!"

"वरण वाढलं? अहो, मग थांबलात काय?" आषाढीला काय पुकारलं होतं ते बुवा केव्हाच विसरले होते; कुंदाबाईंचे यजमान वरण-वरण करतायत म्हणजे सोडलेलं वरणच, असं धरून त्यांनी माइक ओढला. "ऐका हो! कुंदाबाईंनी चार महिने वरण सोडलं होतं, आज व्रत पूर्ण झालं. पहिली वाढी कुंदाबाईंना! आणि तुपाचा हात आखडू नका!"

टाळ्या पडल्या. द्रोणात वाफाळतं पिवळं वरण आलं, वर तूप. काकूंनी वास घेतला आणि डोळे मिटले.

काका त्यांच्याकडे बघत राहिले. मग द्रोणाकडे. मग परत त्यांच्याकडे. ताटं एकामागून एक त्यांना आठवत असावीत.

"कुंदे, तू आषाढीला काय म्हणाली होतीस?"

"वरण."

"मग हॉर्न काहून सोडला?"

"माइकवर गेलं होतं ना," काकू हळूच म्हणाल्या.

काकांनी चावीचं नाव पुन्हा काढलं नाही. बुवांनी भोंपू हातात घेतला, कानाशी धरून दोनदा दाबला. पंगतीतले दोघे दचकले, एकाचा भात सांडला. बुवांनी प्रेमाने काकूंकडे पाहिलं. "बाई, वाजत नाही बरं का हा. पण भाव महत्त्वाचा."

परतताना काका मागे बसले, ओठ मिटून. शब्द तो शब्द, महिना आजपासूनच. चौक आला. रामलालने हात केला. पुढे लाल शर्टातला एक जण मोटरसायकलवर रमतगमत चालला होता.

काकूंच्या खांद्यावर मागून दोन बोटं टेकली, घाईघाईने. लाल शर्टाची पाठ ताठ झाली होती.

काकूंनी ब्रेक केव्हाच दाबलेला होता. पण तसं त्या बोलल्या नाहीत. उलट मान हलवून, जणू आत्ताच कळलं अशा थाटात, त्या आणखी थोड्या मागे राहिल्या.