तिरकं पातं आणि ब्रेगची वाट

एक पेन्सिल घ्या. हाताशी नसेल तर मनातच घ्या. ती टेबलावर आडवी ठेवा आणि तिच्या दोन्ही टोकांमागे एकेक खोडरबर ठेवा. दोन्ही रबरं पेन्सिलीमागे झाकली गेली ना? आता पेन्सिल मधोमध धरून जराशी तिरकी करा. बघा, रबरं बाहेर डोकावायला लागली! पेन्सिल तेवढीच आहे, पण झाकणं कमी पडलं. हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

आता पेन्सिल खिशात टाका आणि माझ्याबरोबर डोंगरावर चला. चेरीची झाडं पांढरी झाली आहेत. द्राक्षांचे मळे पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरताहेत आणि त्यांच्यामधून खडीची एक वाट वर येते आहे. वाट संपते तिथे तीन घरं आहेत, त्याला आम्ही ब्रेग म्हणतो. एक घर नऊ वर्षांच्या तिंकाराचं आणि तिच्या नोनोचं, म्हणजे आजोबांचं. दुसरं स्टोयानचं. पाऊस पडला की त्याच्या अंगणात डबकं साचतं, आणि कुणी विचारलं तर तो सांगतो, "बदकांसाठी ठेवलंय." तिसरं घर आमचं.

शाळेची व्हॅन रोज सकाळी ब्रेगपर्यंत यायची. पण त्या वर्षी हिवाळ्यानंतर वाटेवरच्या चाकोऱ्या इतक्या खोल झाल्या, की मधला उंचवटा व्हॅनच्या पोटाला घासायला लागला. सोमवारी चालक रायको खाली उतरला आणि त्याने वाटेवरच्या डबक्यात काठी बुडवून पाहिली.

"सिल्वान," तो नोनोला म्हणाला, "शनिवारी संध्याकाळी येऊन वाट तपासतो. अशीच असली, तर माझी व्हॅन खालच्या देवळापासून परत फिरेल. रागावू नकोस."

देवळापासून ब्रेग तीन किलोमीटर. पहाटेच्या अंधारात एवढ्याशा मुलीने रोज एकटीनं उतरायचं कसं? मग ठरलं, की तसंच झालं तर तिंकाराने शहरात आत्याकडे राहायचं आणि फक्त रविवारी घरी यायचं. आत्याने बॅगही पाठवून दिली. तिंकाराने त्या रात्री बॅग पलंगाखाली ढकलली, पार भिंतीपर्यंत.

आमच्याकडे वाटेची डागडुजी राबोतेच्या, म्हणजे श्रमदानाच्या दिवशी होते. डोंगरावरच्या दर घरातून एक माणूस येतो, हातात खोरं किंवा फावडं घेऊन. या वर्षीची राबोता शनिवारीच होती आणि नोनोकडे नुकताच एक लहानसा लाल ट्रॅक्टर आला होता. त्याच्या पाठीमागे लोखंडी पातं जोडलं, तर दहा माणसांचं काम एकटा ट्रॅक्टर करील. गावाने पैसे जमवले आणि बुधवारी नोनो ट्रॅक्टर घेऊन, स्टोयान आणि तिंकारा गाडीतून, विल्माच्या जुन्या अवजारांच्या वाड्यावर पोचले.

तिथे तीन पाती होती.

स्टोयान थेट सगळ्यात रुंद पात्याकडे गेला. "हे घे! एका फेरीत काम फत्ते."

"ते बर्फाचं आहे," विल्मा म्हणाली. "रुंद, पण हलकं. खडीवर नुसतं घसरत जाईल. वजनासाठी तू वर बसणार असलास तर ने."

"मी बसलो तर ट्रॅक्टर पुढून उचलला जाईल," स्टोयान पोट थोपटत म्हणाला.

नोनोला दुसरं आवडलं. निळा रंग, नवं कोरं आणि बरोबर ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांएवढं रुंद. तिसरं त्याहून दोन वीत मोठं, जाड, जड आणि इतकं गंजलेलं, की त्यावर कोंबडी बसली होती.

"निळंच घेऊ," नोनो म्हणाला. "मापात आहे."

"नोनो, थांब ना." तिंकारा कोपऱ्यातून वेलींना आधार द्यायची एक काठी घेऊन आली. निळ्या पात्याला लावून तिने ती तेवढीच लांब तोडून घेतली आणि ट्रॅक्टरच्या मागे जमिनीवर आडवी ठेवली. "पातं सरळ ठेवलं, तर माती पुढेच साचत जाईल ना? ती बाजूला सरकायला पातं तिरकं करावं लागेल."

"लागेल. मग?"

तिने काठी तिरकी केली. दोन्ही बाजूंनी चाकं बाहेर डोकावली.

"मग हे बघ. पातं वाट सारखी करत जाणार, आणि चाकं बाहेरच्या बाजूनं नवी चाकोरी पाडत जाणार."

नोनो कमरेवर हात ठेवून काठीकडे बघत राहिला. विल्माला हसू आवरेना. "सिल्वान, पुढच्या वेळी हिला एकटीलाच पाठव. विल्मामावशी हिला कॉफी नाही, पण कोको पाजील."

कोंबडीला उठवून त्यांनी गंजकं पातं जोडलं.

शनिवारी सगळे जमले. खरी गंमत आता झाली. स्टोयान घरून पाणसळ, म्हणजे सपाटी बघायची बुडबुड्याची पट्टी घेऊन आला. त्याच्या आजोबांनी याच पाणसळीवर मळ्याच्या पायऱ्या बांधल्या होत्या, आणि आमच्या डोंगरावर एखाद्याचं कौतुक करायचं तर म्हणतात, त्याच्या मळ्यात बुडबुडा हलत नाही. नोनो ट्रॅक्टर हाकायचा आणि स्टोयान मागून वाटेवर आडवी पाणसळ ठेवून ओरडायचा, "डावीकडे जरा जास्त! हां, आता बरोबर मधोमध!"

दुपारपर्यंत वाट टेबलासारखी सपाट झाली. चाकोऱ्या नाहीत, उंचवटा नाही. सगळे चेरीखाली बसले, हिरव्या पाल्याचं ऑम्लेट आलं, वाइन आली. स्टोयान म्हणाला, "रायको आता इथे नाचत नाचत येईल!"

तिंकारा पाण्याचा जग घेऊन उठली आणि वाटेच्या मधोमध तिने तो ओतला.

पाणी तिथेच उभं राहिलं. थोडं इकडे, थोडं तिकडे पसरलं आणि थांबलं. बसल्या जागेवरून सगळे ते बघत होते.

"पायरी पाणी धरून ठेवते," तिंकारा हळूच म्हणाली. "तिथे द्राक्षं असतात, त्यांना ते लागतं. पण वाटेला पाणी कशाला हवं?"

"चार पिढ्या," स्टोयान म्हणाला, "चार पिढ्या आम्ही..." आणि पुढचं त्याने ऑम्लेटबरोबर गिळलं.

नोनो मात्र उठलाच. पातं उचलून धरणाऱ्या दोन दांड्यांपैकी उजवीला फिरवायची एक मूठ असते. ती फिरवून त्याने पात्याचं उजवं टोक चार बोटं खाली आणलं. मग पातं असं वळवलं, की उजवं टोक पुढे आणि डावं मागे. वर जाताना ते वाटेची उजवी कड खरवडत गेलं आणि खडी मधोमध सारत गेलं. वर पोचल्यावर नोनो ट्रॅक्टर फिरवून खाली यायला निघाला, तेव्हा काही बदलावंच लागलं नाही. का ते सांगा बरं? कारण आता दुसरी कड त्याच्या उजव्या हाताला आली होती!

चार फेऱ्यांत वाटेला मधोमध पाठ आली, मांजराच्या पाठीसारखी, अगदी थोडी. खोरीवाल्यांनी कडेचे चर मोकळे केले. स्टोयानने सवयीने पाणसळ ठेवली, बुडबुडा एका बाजूला पळाला आणि त्याने दुसरीकडे तोंड फिरवलं.

उन्हं उतरताना रायको चालत आला. बूट आपटून बघितले, वाकून बघितलं.

"दिसतंय तर छान. पण पाऊस आला की?"

तिंकाराने भरलेला जग त्याच्या हातात दिला. रायकोने तो ओतला. पाणी क्षणभर चमकलं, दोन वाटांनी निघालं आणि बुडुक करून दोन्हीकडच्या चरांत उतरलं.

रायकोने रिकाम्या जगात डोकावून पाहिलं, जणू आत काही जादू असावी. "सोमवारी सात वाजता," तो म्हणाला. "दारात उभी राहा, भोंगा वाजवणार नाही."

तिंकारा घरात पळाली. पलंगाखाली सरपटत जाऊन तिने आत्याची बॅग ओढून काढली आणि नोनोच्या हातात दिली, परत पाठवायला. मग तिने जग पुन्हा काठोकाठ भरला, भिंतीला टेकवलेली पाणसळ बगलेत मारली आणि ती सरळ स्टोयानच्या अंगणात शिरली, जिथे "बदकांसाठी ठेवलेलं" डबकं साचायचं.