अमरकंटकावरचा अंगठा

मित्रांनो, माझ्या अंगावर धूपगड अवघा वीतभर उंच आहे. मी सातपुडाच आहे, पण मातीचा. कामठ्याच्या केवलराम गुरुजींच्या पडवीत वर्षानुवर्षं आडवा पडलेला. याच पडवीत त्यांची शाळा भरे.

गुरुजींनी मला घडवलं तेव्हा त्यांची मुलगी वच्छला लहान होती. बोडीतली, म्हणजे गावच्या छोट्या तळ्यातली, काळी माती आणि धानाचा कोंडा त्यांनी पायांनी तुडवला. पश्चिमेला अस्तंभा उभा केला, मग गाविलगडचे डोंगर, मध्ये सगळ्यांत उंच धूपगड आणि पूर्वेच्या टोकाला मैकल रांगेतला अमरकंटक. आमच्या जवळचे दरेकसाचे डोंगर बोटाच्या पेराएवढेच निघाले.

"बाबूजी, आपलं गाव कोणत्या डोंगरावर आहे?" वच्छलानं विचारलं.

"आपण सपाटीतले, बेटा. पण आपल्याले पाणी डोंगरच धाडून राहिला."

अखेरीस त्यांनी ओल्या अमरकंटकाच्या माथ्यावर अंगठा दाबला. खळगा पडला, त्यात अंगठ्याच्या रेषा उमटल्या. धडा असला की गुरुजी त्यात लोट्यानं पाणी सोडत. खळगा भरे, आणि एक धार पश्चिमेला नर्मदेच्या खाचेतून, दुसरी पलीकडे शोणच्या खाचेतून निघे. पोरं श्वास रोखून पाहत. सगळी गेल्यावर वच्छला त्या खळग्यात आपला अंगठा ठेवून बघे. तो बुडून जाई.

दूरगावचे मास्तर मला पाहायला येत, वाखाणत. त्या काळी मला वाटायचं, मी खऱ्या सातपुड्याइतकाच टिकेन.

महायुद्धाच्या वर्षांत गुरुजी तापानं गेले. शाळा दुसरीकडे भरू लागली. वच्छला तोवर विधवा होऊन माहेरी आली होती. ती रडली नाही. दिवाळी आली तशी तिनं शेणमातीचा गोळा भिजवला, सगळं घर सारवलं आणि मलाही. वर छुईच्या पांढऱ्या मातीचा हात दिला. दर दिवाळीला तेच. तिचा तळवा माझ्या कड्यांवरून इतक्या हळुवार फिरे, की ती मला नव्हे, दुसऱ्याच कुणाला न्हाऊ घालते आहे असं वाटे.

मित्रांनो, मला बोलता आलं असतं तर मी तिचा हात तिथेच थांबवला असता.

एका कार्तिकात शेजारच्या पोरी नदीला पाणी कुठून येतं ते विचारायला लागल्या. बाबूजी गेल्यापासून वच्छला पहिल्यांदाच हसली. तिनं लोटा आणला, अमरकंटकावर धरला. पाणी थांबलंच नाही. गुळगुळीत माथ्यावरून सरळ ओघळून जमिनीवर गेलं. नर्मदेची खाच नव्हती, शोणची नव्हती. खळगाही नव्हता.

ती लोटा घेऊन तिथेच खाली बसली.

"काऊन वो, अशी काऊन बसून राहिली?" शेजारची रुख्माबाई कुंपणावरून म्हणाली. "तुह्या हातानं डोंगर त पहिल्यापेक्षा मोठा झाला!"

"बाबूजीचा अंगठा होता, काकी. मीच बुजवला."

रुख्माबाई आत आली. तिचा आवाज उतरला. "मंग खरवड ना. खालीच असन तो. जाते कुठी?"

वच्छलानं माथ्याच्या कडेला विळ्याचं टोक लावलं. एक खपली निघाली: वर पांढरी छुई, खाली शेणमाती, पुन्हा छुई, पुन्हा शेणमाती. आणि सगळ्यांत खाली, घट्ट चिकटून आलेली, कोंडा मिसळलेली बोडीची काळी माती. तिनं विळा खाली ठेवला. आणखी एक खपली निघाली असती, तर ठसाही तिच्यासोबत आला असता.

तेव्हापासून दिवाळीला ती पडवी सारवते आणि माझ्याजवळ आली की हात मागे घेते. आता मला तडे गेले आहेत, अस्तंभाचं टोक गळून पडलं आहे. धुळीनं मी करडा झालो आहे.

मित्रांनो, माणसाची वस्तू जपायची असेल, तर सारवायच्या आधी तिच्यावर त्याचा हात कुठे पडला होता ते एकदा नीट बघून घ्या. वच्छलाच्या बाबूजींचा अंगठा अजून माझ्या आत आहे. तो तिला दिसत नाही, आणि मला दाखवता येत नाही.