लाखेच्या आतली राणी

"बाबा, आज नाही तं मंग कधी उघडसान?"

हळदीच्या पाटावरून वच्छलानं असा थेट सवाल टाकला आणि रुपराव हातातलं पानसुपारीचं ताट घेऊन जागच्या जागी थबकले. अंगणभर बाया. कोणी नवरीच्या पायाला हळद फासत होती, कोणी गाण्याची ओळ विसरून हसत होती. पोरगी कोपरापर्यंत पिवळीजर्द झालेली. उद्या सकाळी विहारात लग्न, आणि आदल्या दिवशी पोरीनं बापाकडे मागायचं तरी काय? साडी नाही, गळ्यातलं नाही. चित्रकथेचं एक पुस्तक!

"काय उघडाचं आहे वं?" एका मावशीनं विचारलं.

"राणी विजयलता, भाग दोन," वच्छला म्हणाली. "माह्या बापानं तिले पाण्यात उभं करून ठेवलं आहे. मी शाळेत होती तवापासून."

बाया खो खो हसल्या. रुपरावांना मात्र हसू आलं नाही, कारण पोरगी खोटं बोलत नव्हती.

रुपराव खापरखेड्याच्या वीजकेंद्रात फिटर. दिवसभर पंप, पाइप आणि व्हॉल्व्ह. कॉलनीत राख अशी उडायची की दोरीवरचा कपडा झटकल्याशिवाय कोणी अंगात घालत नसे. अशा गावात राहून या गृहस्थाला वेड कशाचं, तर रंगीत चित्रकथांचं. ड्यूटीवरून आले की आंघोळ, चहा, आणि मांडीवर पोरगी. वच्छला पाटीवर कमी शिकली आणि राक्षसाच्या तोंडातून निघणाऱ्या फुग्यांतली अक्षरं लावत जास्त शिकली. तिची सगळ्यात लाडकी ही राणी विजयलता. पहिल्या भागाच्या शेवटी कपटी सेनापती राणीला किल्ल्याच्या तळघरात कोंडतो, पाणी सोडतो, पाणी तिच्या गळ्याशी येतं, आणि खाली छापलेलं असतं की पुढची हकिकत दुसऱ्या भागात.

तो दुसरा भाग काही केल्या मिळेना. सुट्टीच्या दिवशी रुपराव बस पकडून नागपूरच्या सीताबर्डीला जात आणि फूटपाथवरच्या जुन्या पुस्तकांचे ढीग उपसत. इकडे पहिला भाग हाताळून हाताळून त्याच्या पार चिंध्या झाल्या. आणि एका रविवारी, एका गठ्ठ्याच्या तळाशी, राणी सापडली! कोरी करकरीत, जणू त्याच सकाळी छापखान्यातून आलेली. रुपराव पुस्तक उघडणार तोच कोणीतरी त्यांचं मनगट धरलं.

"अहो, काय करून राहिले! उघडू नका!"

ते नत्थूजी. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले, आणि त्या फूटपाथवर चित्रकथा गोळा करणाऱ्या चार-दोन वेड्यांचे न्यायाधीश. भिंग लावून ते पुस्तकाचे कोपरे बघत, पिना गंजल्या का बघत, पाठीवर सुरकुती शोधत, आणि मग दर्जा सांगत: अव्वल, दुय्यम किंवा चालू. अव्वल पुस्तक ते कधीच उघडत नसत. उघडलं की पाठ वाकली, पाठ वाकली की दर्जा गेला. गांधीबागेत त्यांच्या मेव्हण्याचं कापडाचं दुकान होतं. साड्यांच्या पिशव्या बंद करणाऱ्या यंत्रावर ते पुस्तक प्लास्टिकमध्ये बंद करून आणत आणि तोंडावर पार्सलला ठोकावा तसा लाखेचा शिक्का ठोकत. शिक्का एकदा तुटला की ते त्या पुस्तकाला पुन्हा हात लावत नसत. हा त्यांचा नियम.

"तीस वर्षं लोकायचं सामान फुटताना पाह्यलं मी, रुपराव," ते म्हणाले होते. "एखादी तं चीज दुनियेत साबूत राहू द्या. अख्ख्या नागपुरात असं दुसरं नसन. अव्वल आहे, अव्वल!"

आता खरं सांगायचं तर रुपराव तिथेच विरघळले. शाळेत ते कधी पहिले आले नव्हते, नोकरीत बढतीच्या वेळी त्यांचं नाव हटकून दुसऱ्या कोणाच्या खाली असे. त्यांच्या मालकीच्या कुठल्या वस्तूला कोणी अव्वल म्हटल्याचं त्यांना आठवत नव्हतं. पुस्तक सीलबंद होऊन घरी आलं आणि कपाटात वरच्या खणात बसलं.

त्यांच्या बायकोनं, सुभद्राबाईंनी, त्या दिवशी कपाळाला हात लावला होता. "वाचाचं नाही तं आणलं कायले? उद्या मलेही पिशवीत घालून ठेवजा, मीही जुनी आहे!"

वच्छला तेव्हा रडली होती. मोठी झाली की उघडू, असं रुपरावांनी तिला सांगितलं. ती मॅट्रिक झाली तेव्हा त्यांनी घड्याळ घेऊन दिलं आणि विषय टाळला. दर वेळी शिक्क्यावर बोट ठेवलं की त्यांचं मन कच खाई. आणि आता बघा, पोरगी पाटावर बसून सगळ्यांसमोर विचारत होती.

"मी सासरी जाईन, बाबा. राणी तशीच राहीन का पाण्यात?"

ताट खाली ठेवून रुपराव घरात गेले आणि पुस्तक घेऊन बाहेर आले. मांडवाच्या कडेला खुर्चीत नत्थूजी बसले होते. ते ताडकन उठले.

"रुपराव, विचार करा गा. एकदा तोडला तं तोडला."

"तुमचाच शिक्का आहे, नत्थूजी," रुपराव म्हणाले. "तुम्हीच तोडा. माह्यान होत नाही."

नत्थूजींनी एकदा पुस्तकाकडे पाहिलं, एकदा पाटावरच्या पोरीकडे पाहिलं. काय वाटलं कोण जाणे, त्यांनी लाख नखानं उचकटली. प्लास्टिक करकरलं. बायांनी उगाचच टाळ्या वाजवल्या.

"हाताले हळद आहे माह्या," वच्छला म्हणाली. "तुम्हीच वाचा. पह्यलेसारखं."

रुपराव तिच्यासमोर सतरंजीवर बसले, चष्मा चढवला, आणि इतक्या वर्षांनी पुस्तक उघडलं.

पान कोरं होतं.

त्यांनी दुसरं उलटलं. कोरं. तिसरं, चौथं. चित्र नाही, फुगा नाही, अक्षर नाही. वर राणीचं झोकदार मुखपृष्ठ आणि आत नुसता पांढरा कागद. छापखान्यात कोणाची तरी चूक झाली होती, आणि न उघडता दर्जा दिल्यामुळे ती इतकी वर्षं अव्वल म्हणून कपाटात बसली होती. खांद्यावरून वाकून बघणाऱ्या नत्थूजींचा चेहरा खाडकन उतरला. आता रुपराव बोलले की संपलं. उद्यापासून सीताबर्डीच्या फूटपाथवर त्यांच्या भिंगाला कोण विचारणार?

रुपरावांना त्या क्षणी नत्थूजींचं सुचलंच नाही. समोर पोरगी बसली होती, पार लहानपणी बसायची तशी, मान पुढे काढून. तिला काय सांगायचं? की मी तुला इतकी वर्षं थांबवलं ते या कोऱ्या कागदांसाठी?

"वाचा ना!" दारातून सुभद्राबाई ओरडल्या. "का अक्षरं विसरले?"

रुपरावांनी घसा खाकरला.

"राणी विजयलता तळघरात उभी होती," ते म्हणाले. "पाणी तिच्या हनुवटीला लागलं होतं. पण राणी भ्याली नाही. तिनं विचार केला, पाणी आत येऊन राहिलं म्हणजे पाइप असन. आन पाइप असन तं व्हॉल्व्ह असन!"

"किल्ल्यात व्हॉल्व्ह?" मावशी म्हणाली.

"राजवाड्याचं काम आहे ते, पक्कं असते," रुपराव म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं. "तिनं पायानं चाचपडलं. सापडला! पण गंजलेला. राणीनं पदर कमरेला खोचला आन वर पाहून ओरडली, काहून रे सेनापती, एवढं पाणी वाया घालवून राहिला? आमच्या इकडं नळाले दोन घंटे पाणी येते, तुह्या बापानं विहीर खोदली का?"

अंगणात असा हशा फुटला की ढोलकीवालीनं ढोलकी बाजूला ठेवली. सुभद्राबाई डोळे बारीक करून बघायला लागल्या. आणि इतक्यात रुपरावांच्या मागून एक जाडाभरडा आवाज आला.

"हा हा हा! राणी! आता तुले कोण वाचवते?"

नत्थूजी! आयुष्यभर नियमानं वागलेला तो माणूस कोऱ्या पानावर बोट ठेवून सेनापतीची वाक्यं वाचत होता, आणि घामाघूम होऊनही थांबत नव्हता. मग काय विचारता! राणीनं व्हॉल्व्ह फिरवला, पाणी उलटं वाहिलं, सेनापती गटारातून वाहत नदीला लागला. वच्छला मधूनच विचारी, "आन घोडा?" की रुपराव पान उलटून घोडा आणत. "आन तिची माय?" की माय येई, मशाल घेऊन. रुपराव असे कधी कोणासमोर बोलले नव्हते. शेवटचं पान मिटलं तेव्हा राणी किल्ल्याच्या बुरुजावर ओले केस वाळवत बसली होती, आणि रुपरावांचा चेहरा आनंदानं नुसता फुलला होता.

"द्या मले," वच्छला म्हणाली. "हात धुतो आन ठेवतो पेटीत. सासरी नेईन."

रुपरावांनी पुस्तक पटकन पाठीमागे घेतलं.

"पह्यले सील करतो," नत्थूजी घाईनं म्हणाले.

"उघडलेलं सील नाही करत ना तुम्ही, काका?"

"नियम माहा आहे. मी मोडीन नाही तं काय करीन!" असं म्हणत ते पुस्तक छातीशी धरून चुलीकडे निघाले. पिशवीचं तोंड त्यांनी मेणबत्तीवर जोडलं, चुलीवर उचकटलेली लाख पुन्हा वितळवली आणि कोणी मागे उभं नाही ना हे बघून खिशातला शिक्का ठोकला.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं, जेवणं झाली, आणि निघायची वेळ आली. पांढऱ्या साडीतली वच्छला आईच्या गळ्यात पडून रडली, मग बापाच्या पाया पडायला वाकली. रुपरावांनी तिला उठवलं तेव्हा ती त्यांच्या कानाशी लागली.

"पान उलटवलं की ऊन आरपार दिसे, बाबा. कागदावर काहीच नव्हतं."

रुपराव कुजबुजले. "मंग काहून नाही बोलली वं?"

"राणी बाहेर येऊन राह्यली होती," ती म्हणाली. "मधात कशी बोलू?"

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. मग नवऱ्याकडच्यांनी हाका मारल्या. वच्छला जीपमध्ये बसली, पुस्तक मांडीवर घेऊन. शेजारी बसलेल्या सासूनं कौतुकानं लाखेच्या शिक्क्यावरून बोट फिरवलं.

"काय आहे वं पोरी यात?"

"पुस्तक आहे, आत्याबाई," वच्छला म्हणाली. "उघडाचं नाही. माह्या बापाले तोंडपाठ आहे."

जीप सुरू झाली. रुपराव रस्त्याच्या मधोमध उभे राहून हात हलवत होते.