बटणाएवढी पुडी

मिस्बाहनं आठ पडदे केले होते, त्यातले पाच फाटले. फाटले म्हणजे प्रयोगशाळेत कड्यावर बसवता बसवता तिच्याच हातून गेले, आणि दर वेळी तिनं अशा शिव्या हासडल्या की शेजारच्या टेबलावरची मुलगी कान झाकून घ्यायची. कानासाठीच चाललं होतं सगळं, पण ते त्या मुलीला कोण सांगणार!

अमरावतीला मिस्बाहची पीएचडी चालली होती आणि विषय होता कानाचा फाटका पडदा. पॉलिमर आणि जिलेटिनच्या द्रावणातून विजेच्या दाबानं डोळ्याला दिसणार नाहीत इतके बारीक धागे ओढायचे, ते एकावर एक पडून जो तलम कागद तयार होतो तो कानातल्या भोकावर ठेवायचा. पेशी त्याच्यावरून मांडवावर वाल चढावा तशा चढतात, भोक भरून काढतात, आणि काम झालं की मांडव आपोआप विरघळून जातो. निदान तसं व्हावं अशी तिची आशा होती.

आशेचं काय, ती कागदावर छान दिसते. तिच्या मार्गदर्शक रागिणी मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं, "सोमवारी दुपारी आवाजाच्या यंत्रावर चाचणी आहे. एक तरी पडदा कड्यावर सपाट, ताणून बसलेला हवा. नाहीतर विषय बदलू."

विषय बदलायला मिस्बाह मुळीच तयार नव्हती. तिची अम्मी आबेदा सात वर्षांची असताना चांदूर बाजारला माहेरी अम्मीचा उजवा कान फुटला, पडद्याला भोक पडलं ते पडलंच. त्या कानानं तिला जवळपास काही ऐकू येत नसे. अम्मीशी बोलायचं तर डावीकडे जाऊन बसायचं, हे त्या घरातली मुलं पाढ्यांच्या आधी शिकली होती.

म्हणून रविवारी सकाळी उरलेले तीन पडदे डबीत घालून मिस्बाहनं अकोल्याची एसटी पकडली आणि ती थेट जुन्या शहरात अब्बांच्या दुकानात येऊन धडकली. अब्दुल गफ्फार गेली चाळीस वर्षं तबले, ढोलक्या आणि खंजिऱ्या मढवत होते, त्यांच्या तोंडावर कातड्याची पुडी ताणून बसवत होते. तीन वर्षं मिस्बाहनं पडदा कसा ताणावा हे जगभरच्या शोधनिबंधांत शोधलं होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय!

दुकानात मोझरीकडचे खुशालराव बसले होते. त्यांची भजनाची खंजिरी तयार होऊन समोर ठेवली होती, पण गप्पा संपल्याशिवाय वस्तू न्यायची नाही असा त्यांचा शिरस्ता होता.

"अब्बा, हे याच्यावर ताणून द्या," म्हणत मिस्बाहनं शर्टाच्या बटणाएवढं कडं त्यांच्या तळहातावर ठेवलं.

अब्बांनी ते पाहिलं. चष्मा लावून पुन्हा पाहिलं. "हा कोनाचा तबला व्हय? मुंगीचा?"

खुशालराव एवढे हसले की त्यांना ठसका लागला. हसणं ओसरल्यावर मिस्बाहनं सगळं समजावलं, आणि वर वहीतला नियमही सांगितला: आधी कोरडं बसवायचं, मग ओलं करायचं. अब्बांनी नाक मुरडलं, पण लेक शिकलेली, म्हणून ऐकलं. कागद कडेला चुरगळला आणि टर्रकन गेला.

"सहा," मिस्बाह म्हणाली. तिनं बाहीनं डोळे पुसले.

"थांब, रडू नको. मले सांग, याच्यात काय काय टाकतं तू?" अब्बांनी विचारलं.

"पॉलिमर. अन् जिलेटिन."

"जिलेटिन कशापासून बनते?"

मिस्बाहनं जीभ चावली. "कातड्यापासून."

अब्बांनी कपाळावर हात मारला. "अवं मंग असं सांग ना! तीन साल झाले, पोरगी पुडी बनवून राहिली अन् बापाले म्हनते पॉलिमर! खुशालराव, कातडं कोनी कोरडं मढवते काय?"

"कदी नाई, बाप्पा," खुशालराव म्हणाले. त्यांनी जन्मात काही मढवलं नव्हतं.

अब्बांनी सातवा पडदा उचलला आणि बकरीची कातडी भिजत घातलेल्या घमेल्याकडे वळले. मिस्बाह अशी किंचाळली की समोरचा बांगडीवाला उठून उभा राहिला. तिनं पिशवीतून निर्जंतुक मिठाच्या पाण्याची बाटली काढली, अब्बांना हात धुवायला लावले, स्टीलची वाटी उकळत्या पाण्यानं विसळली. "आमच्या बकरीले कदी असा मान भेटला नाई," अब्बा पुटपुटले.

ओला झालेला कागद मऊ पडला आणि कड्यावर निमूट पसरला. अब्बांनी अंगठ्याच्या नखानं कडा सारख्या केल्या, रेशमाचे चार वेढे घातले आणि कडं सावलीत ठेवलं. हळूहळू पाणी उडालं तसा पडदा आपला आपण आवळत गेला. एक सुरकुती नाही! मिस्बाह जागच्या जागी नाचली. तिनं अब्बांना मिठी मारली, खुशालरावांना मारता मारता राहिली.

आणि अब्बांनी पडद्यावर टिचकी मारली.

मढवून झालं की वाजवून पाहायचं, ही हाताची चाळीस वर्षांची सवय. हातानं डोक्याला विचारलंच नाही. बोट आरपार गेलं.

मग खुशालराव हळूच म्हणाले, "पन वाजली गोड."

"सात," मिस्बाह म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. रडू यायला हवं होतं, पण आलं हसूच, आणि ते थांबेना. अब्बा आधी शरमले, मग तेही हसू लागले.

आठवा पडदा शेवटचा. तो भिजवून, ताणून, बांधून झाल्यावर अब्बांनी उजवा हात पुढे केला. "खुशालराव, धरा हा. सुकेपर्यंत सोडू नका. मी काई बी म्हनलो तरी सोडू नका."

दोघे म्हातारे लग्नातल्या नवरानवरीसारखे हातात हात घालून बसले. बसून करायचं काय, म्हणून खुशालरावांनी भजन धरलं. भजन सुरू झाल्यावर अब्बांचा डावा हात ठेका धरायला पडद्याच्या दिशेनं सरकू लागला, तेव्हा मिस्बाहनं तोही धरला. अर्धा तास तिघं तसेच बसले होते. गिऱ्हाइकं येत होती, पाहत होती, काही न विचारता परत जात होती.

सोमवारी तिनं डबी मांडीवर घेऊन अमरावती गाठली. मूर्तिजापूरला कंडक्टरनं विचारलं, काय आहे? "तबला," ती म्हणाली. दुपारी यंत्रातून बारीक आवाज सोडला, पडद्यावर लेझरचा लाल ठिपका पडला, आणि संगणकावर रेघ उमटली ती स्वच्छ, सारखी, कुठेही अडखळणं नाही. रागिणी मॅडमनी तीनदा चाचणी घेतली. मग खुर्ची वळवून म्हणाल्या, "कुणी बसवला?"

"अकोल्याला एक तज्ज्ञ आहेत."

"त्यांची पद्धत लिहून आण. विषय बदलायचा नाही."

मिस्बाह जिन्याच्या दोन दोन पायऱ्या उतरत धावली. अकोल्याला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. अम्मी ओट्यावर मेथी निवडत होती. मिस्बाह तिच्याशेजारी बसली आणि सुटलीच. घमेलं, टिचकी, हात धरून बसलेले म्हातारे, लाल ठिपका, सरळ रेघ, एका दमात सगळं सांगून टाकलं.

अम्मी मेथी निवडत राहिली. मिस्बाह थांबली तशी म्हणाली, "सांगून झालं काय?"

"हो."

"पोरी, तू उजवीकडं बसली."

मिस्बाहचं तोंड उघडंच राहिलं. ती धडपडत उठू लागली. अम्मीनं मेथीच्या हातानंच तिचा हात धरला.

"राहू दे. त्या कानात जपून ठेवलं म्या. तुहा पडदा बसला का ऐकीन. तोवर डावीकडून सांग, पयल्यापासून."