पाव वेढा

"दोन दिस झाले, बंद पडलीय," म्हणत वीरभद्रअप्पांनी टॉवेलात गुंडाळलेली मशीन माझ्या टेबलावर ठेवली आणि माझा तारेचा वेढा चुकला.

केजच्या स्टँडमागं माझं मोटारी भरायचं दुकान. विहिरीवरची जळालेली मोटार सोडवायची, नवी तांब्याची तार भरायची, वेढे मोजायचे. वीस वर्षं तेच. पण ही मशीन टॉवेलातून बाहेर यायच्या आधीच मी ओळखली. आठ महिने तिच्यावर जळत होतो.

अप्पांची लेक ईश्वरी आणि माझी छबू, दोघींचं रक्त जन्मापासून टिकत नाही. थॅलेसेमिया. आईबापाकडूनच येतो, म्हणजे शिव्या द्यायलाही दुसरं कुणी नाही. दर तीन आठवड्यांनी दोघी शेजारशेजारच्या खाटांवर रक्त घेतात. अप्पांच्या समाजाची पोरं दिंद्रुडहून जीप भरून रक्त द्यायला येतात. छबूसाठी मी, मेव्हणा आणि हातापाया पडून आणलेला एखादा. त्या रक्तातलं लोखंड अंगात साठतं आणि काळीज खातं. ते काढायचं औषध एक संस्था देते, पण ते पोटाच्या कातडीखाली थेंबथेंब, दहा तास जावं लागतं. त्यासाठी ही मशीन.

धारूरच्या शिबिरात संस्थेच्या बाईंनी एक मशीन आणली. पोरं सात. टपरीवर विलायती थंड पेयं आली होती, घरोघरी केबल आली होती, मशीनला मात्र चिठ्ठी. "सगळ्यांत लहान कोण? तू ये गं," म्हणून बाईंनी छबूला बोलावलं. माझ्या पोरीनं डब्यात हात घालून ईश्वरीचं नाव काढलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. छबूच्या वाट्याला मांडीतल्या सुया आणि त्यांच्या गाठी.

"मुंबईला धाडली तर दीड महिना लागंल म्हणत्यात," अप्पा म्हणाले. "सिदूभाऊ, तुमच्याबिगर कुणाच्या हातात देऊ?"

"नवी घ्या की. किराणा लई खपतोय म्हणं तुमचा."

अप्पांचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

"आठ दिस ठिवा," मी म्हणालो.

ते गेल्यावर उघडली. बोटाएवढी मोटार, एक आट्यांची दांडी, सिरिंजचा दट्ट्या ढकलणारी पट्टी. इतकंच. यासाठी मी आठ महिने झोपलो नव्हतो. एका तारेचं सोल्डर सुटलं होतं. पाच मिनिटांत मशीन चालू झाली. ती घरी नेली आणि छबूच्या पोटाला लावली.

"कुणाची हाय?" तिनं विचारलं.

"आपली."

तिनं झाकण उलटं केलं. आत बारीक लाल टिकली चिकटवलेली. "ही ईश्वरीनं लावलीय. माझ्यासमोर." मग म्हणाली, "अण्णा, मग तिला काय लावलं? तिला सुईची सवय न्हाई."

"गप पड."

बायको सुभद्रा भाकरी थापत होती. तिनं वळूनही पाहिलं नाही. "अन् नवव्या दिशी काय करणार हाय तुमी?"

मी कागद घेतला आणि दांडीचे आटे मोजायला बसलो.

चौथ्या दिवशीच अप्पा आले, ईश्वरीला घेऊन. पोरगी लंगडत होती. छबू दुकानातच पोत्यावर बसलेली, फ्रॉक वर सरकलेला, पोटावरची सुईची चिकटपट्टी उघडी. अप्पांनी ती पाहिली. मग माझ्याकडं पाहिलं.

"चालती का?"

"चालती."

"कवापासून?"

"पहिल्या दिसापासून."

शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं. अप्पांनी टेबलावरची मशीन सावकाश टॉवेलात गुंडाळली. "मागायची होती, बे सिदू."

"मागितली असती तर दिली असती?"

अप्पांनी खरोखर विचार केला. "न्हाई," ते म्हणाले.

पोत्यावर दोघी पोरी मांड्या उघड्या टाकून बसल्या होत्या. "माझी गाठ मोठी," छबू म्हणत होती. "हॅट, तुझी जुनी हाय. जुनी धरायची न्हाई," ईश्वरी म्हणाली.

आता माझ्याकडं माझी मशीन आहे. लोखंडी पट्टी, भंगारातली आट्यांची दांडी, वर सिरिंज. मोटार नाही. मोटारीला इतकं हळू चालवणं मला जमलं नाही. दहा तासांचं काम ती चाळीस मिनिटांत उरकायची. म्हणून हातानं. दर पाच मिनिटांनी दांडीला पाव वेढा. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, एकशे वीस वेळा. छबू बाकड्यावर, मी शेजारी मोटार भरत, भिंतीवर घड्याळ. ईश्वरी झोपेत करते ते आम्हाला जागेपणी करावं लागतं. जळतो अजून. का नाही जळायचं?

रविवारी छबू म्हणाली, "अण्णा, ईश्वरी मशीन कमरंला बांधून कुटंबी फिरती. मला बी जायचंय."

"कुटं?"

"समोरच्या टपरीपोतर."

पुढच्या वेढ्याला घड्याळात दोन मिनिटं होती. मी पट्टी दोन्ही हातांत उचलली, तिनं नळी धरली आणि आम्ही निघालो. टपरीवरचे लोक बघत राहिले. मधेच दिंद्रुडची जीप हॉर्न वाजवत आली. आत कोण होतं, ते मी पाहिलं नाही. पाच मिनिटं झाली होती. रस्त्याच्या मधोमध थांबून मी पाव वेढा दिला.